सिंगल साइन-ऑन जोडायचं कसं: आधी ओळखीचा रकाना ठरवा

क्लाऊडमधल्या ॲपला सिंगल साइन-ऑन, म्हणजे एकाच लॉगिननं अनेक ॲप्समध्ये शिरण्याची सोय, जोडणं हे बहुतेक वेळा एका दुपारचं काम असतं. दोन-चार पत्ते भरायचे, सर्टिफिकेट चढवायचं, चाचणीचं बटण दाबायचं, की हिरवी खूण येते. खरी परीक्षा पुढं होते. कुणाचं आडनाव बदलतं, सर्टिफिकेटची मुदत संपत येते, कुणी नोकरी सोडतं. त्या दिवशी काय घडणार हे त्या पहिल्या दुपारीच ठरून गेलेलं असतं. म्हणून पुढची मांडणी सेटिंगच्या पॅनेलमधल्या रकान्यांच्या क्रमानं नाही. जो निर्णय नंतर बदलणं सगळ्यात महाग पडतं, तो आधी घेतला आहे.

शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. लोकांची खाती जिथं असतात, पासवर्ड आणि दुसरा घटक (मोबाइलवरचा कोड वगैरे) जिथं तपासला जातो, ती यंत्रणा म्हणजे आयडीपी: मायक्रोसॉफ्टचं एन्ट्रा आयडी, ऑक्टा, गूगल वर्कस्पेस, किंवा स्वतः चालवायचं असेल तर कीक्लोक. आयडीपी आणि ॲप यांच्यातलं बोलणं दोनपैकी एका मानकानं चालतं: सॅमल किंवा ओपनआयडी कनेक्ट. ज्या ॲपमध्ये शिरायचं त्याला सॅमलमध्ये एसपी (सर्व्हिस प्रोव्हायडर) म्हणतात आणि ओपनआयडी कनेक्टमध्ये क्लायंट. ॲपला पासवर्ड कधीच दिसत नाही. आयडीपीनं सही करून दिलेलं निवेदन (सॅमलमध्ये असर्शन, ओपनआयडी कनेक्टमध्ये आयडी टोकन) तपासून ते माणसाला आत घेतं.

सॅमल की ओपनआयडी कनेक्ट

यावर फार वेळ घालवू नका. विकत घेतलेलं तयार ॲप असेल तर ते जे नीट सांभाळतं तेच घ्या, आणि व्यावसायिक ॲप्समध्ये ते बहुधा सॅमल २.० असतं. हे मानक मार्च २००५ पासून आहे, सही केलेल्या एक्सएमएलवर (खुणांनी बांधलेल्या मजकुरावर) चालतं आणि ब्राउझरच्या बाहेर अवघडतं. ॲप तुम्ही स्वतः लिहीत असाल, मोबाइल किंवा एपीआय (प्रोग्रॅमनं प्रोग्रॅमशी बोलायची वाट) सोबत असेल, तर २०१४ साली आलेलं ओपनआयडी कनेक्ट घ्या. त्यात ऑथरायझेशन कोड फ्लो पीकेसीईसह वापरा: ब्राउझरमधून फक्त अल्पकाळचा कोड येतो, तो देऊन ॲप टोकन घेतं, आणि पीकेसीईमुळं वाटेत चोरलेला कोड दुसऱ्याला वापरता येत नाही. जुना इम्प्लिसिट फ्लो टोकन थेट ब्राउझरच्या पत्त्यात देतो. नव्या कामात तो घेऊ नका.

एक चूक मात्र पुन्हा पुन्हा होते. ओपनआयडी कनेक्ट ज्यावर उभं आहे ते नुसतं ओऑथ २.० हे परवानगीचं मानक म्हणजे लॉगिन नव्हे. ॲक्सेस टोकन 'याला अमुक गोष्ट उघडायची परवानगी आहे' एवढंच सांगतं, समोर कोण आलं आहे ते सांगत नाही. दुसऱ्याच ॲपसाठी मिळालेलं ॲक्सेस टोकन तुमच्या ॲपनं ओळखपत्र म्हणून स्वीकारलं, तर ते दुसरं ॲप चालवणारा त्याच्याकडं लॉगिन केलेल्या कुणाच्याही नावानं तुमच्याकडं शिरू शकतो. ओळखीसाठी आयडी टोकनच घ्यायचं, आणि त्यातला ऑडियन्स, म्हणजे ते कुणासाठी दिलं आहे तो रकाना, आपलाच क्लायंट आयडी आहे ना हे पाहायचं.

ओळखीचा रकाना

आयडीपीकडून आलेला माणूस ॲपमधल्या कोणत्या खात्याशी जुळवायचा, हा या सगळ्या कामातला सर्वांत जड निर्णय आहे. आणि तोच बहुतेक जण पॅनेलमध्ये आधीपासून निवडलेल्या पर्यायावर सोडून देतात. तो पर्याय बहुधा ईमेल असतो.

ईमेल बदलतो. आडनाव बदललं, कंपनीचं डोमेन बदललं, दोन कंपन्या एक झाल्या, की ईमेल नवा होतो. ॲपला तो अनोळखी माणूस वाटतो आणि त्याचं नवं रिकामं खातं उघडलं जातं. जुनी कामं जुन्या खात्यात अडकतात. याहून वाईट म्हणजे ईमेल पुन्हा वापरला जातो. एक कर्मचारी गेला, दोन वर्षांनी त्याच नावाचा दुसरा आला, त्याला तोच पत्ता मिळाला, आणि पहिल्याच लॉगिनला तो आधीच्या माणसाच्या कागदपत्रांसमोर उभा राहिला. इथं कुणी हल्ला केलेला नसतो. यंत्रणेनं सांगितलं तेच केलेलं असतं.

अनेक संस्थांसाठी चालणाऱ्या ॲपमध्ये धोका आणखी वाढतो. २०२३ मध्ये नोऑथ नावानं ओळखली गेलेली चूक नेमकी इथलीच होती. एन्ट्रा आयडीमधल्या खात्यावरचा ईमेल त्या टेनंटचा (म्हणजे त्या संस्थेच्या स्वतंत्र कप्प्याचा) ॲडमिन हवा तो लिहू शकत होता, आणि काही ॲप्स त्याच ईमेलवर खातं जुळवत होती. आपल्या टेनंटमध्ये दुसऱ्याचा ईमेल लिहायचा आणि त्याच्या खात्यात शिरायचं, इतकं ते सोपं होतं.

मग घ्यायचं काय? सॅमलमध्ये नेमआयडीचा (माणूस कोण ते सांगणाऱ्या रकान्याचा) पर्सिस्टंट, म्हणजे कायम टिकणारा, प्रकार घ्या, किंवा डिरेक्टरीतला कधीच न बदलणारा आयडी वेगळा ॲट्रिब्यूट म्हणून पाठवा. ओपनआयडी कनेक्टमध्ये इश्युअर (टोकन देणारा) आणि सब्जेक्ट (माणसाचा आयडी) ही जोडी एकत्र साठवा. नुसता सब्जेक्ट चालत नाही, कारण तो एका इश्युअरपुरताच एकमेव असतो. एन्ट्रा आयडीमध्ये सब्जेक्ट प्रत्येक ॲपसाठी वेगळा तयार होतो. ॲपची नोंदणी नव्यानं केली तर सगळ्यांचे सब्जेक्ट बदलतात. तिथं टेनंट आयडी आणि ऑब्जेक्ट आयडी ही जोडी जास्त टिकाऊ. ईमेल जरूर मागवा, पण सूचना पाठवण्यासाठी आणि स्क्रीनवर दाखवण्यासाठी.

साठवतानाही एक मेख आहे. ओपनआयडी कनेक्टच्या मानकानुसार सब्जेक्ट जास्तीत जास्त २५५ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचं सुरुवातीचं कोलेशन (अक्षरं जुळवण्याचा नियम) मात्र लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही. बेस-६४ मधले (लहान-मोठी अक्षरं आणि आकडे मिसळून लिहिलेले) दोन वेगळे आयडी तिथं एकच ठरू शकतात. त्या रकान्याला बायनरी किंवा लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळणारं कोलेशन द्या. ईमेलबाबत बरोबर उलटं घडतं. एका बाजूनं पहिलं अक्षर मोठं आलं म्हणून एकाच माणसाची दोन खाती होतात. म्हणजे ईमेल तुलनेपूर्वी लहान अक्षरांत आणायचा, आयडीला मात्र हातही लावायचा नाही.

ॲपमध्ये जुनी खाती आधीच असतील तर पहिली जुळवणी ईमेलवरच करावी लागेल. ती एकदाच, ॲडमिननं यादी डोळ्यांखालून घालून करावी, आणि कायमचा आयडी नोंदवला की ईमेलवर जुळवणारा रस्ता बंद करावा. तो उघडा राहिला तर वरचे सगळे धोके परत येतात.

मेटाडेटाची देवाणघेवाण

सॅमलमध्ये ॲपकडून दोन गोष्टी घ्यायच्या: एन्टिटी आयडी आणि एसीएस यूआरएल, म्हणजे आयडीपीनं उत्तर कुठं पाठवायचं तो पत्ता. आयडीपीकडून तीन: त्याचा एन्टिटी आयडी, साइन-ऑनचा पत्ता आणि सहीचं सर्टिफिकेट. एन्टिटी आयडी दिसतो वेबपत्त्यासारखा, पण ते फक्त नाव असतं आणि अक्षराला अक्षर लावून तपासलं जातं. शेवटची तिरकी रेघ जास्त पडली, किंवा एका बाजूला एचटीटीपी आणि दुसरीकडं एचटीटीपीएस लिहिलं, तर ऑडियन्स जुळत नसल्याची तक्रार येते. हातानं टाइप करण्यापेक्षा मेटाडेटाची, म्हणजे ही सगळी माहिती एकत्र असलेली, फाइल घ्या, आणि ॲपला पत्त्यावरून मेटाडेटा वाचता येत असेल तर तेच करा. पुढं सर्टिफिकेट बदलताना ती सोय उपयोगी पडते.

चाचणीचं आणि प्रत्यक्ष वापराचं ॲप यांना वेगवेगळे एन्टिटी आयडी द्या. एकच ठेवला तर चाचणीसाठी दिलेलं निवेदन खऱ्या ॲपमध्ये चालण्याची वाट मोकळी होते.

ओपनआयडी कनेक्टमध्ये हे काम सोपं आहे. इश्युअरचा पत्ता दिला की डिस्कव्हरी दस्तऐवजातून बाकीचे पत्ते आणि सही तपासायच्या किल्ल्या मिळतात. रिडायरेक्टचा पत्ता, म्हणजे लॉगिननंतर माणूस परत येतो तो, पूर्ण आणि नेमका नोंदवा, त्यात काहीही चालेल अशी तारांकित जागा (वाइल्डकार्ड) ठेवू नका. क्लायंट सीक्रेटला, म्हणजे ॲपच्या स्वतःच्या पासवर्डला, मुदत असते. एन्ट्राच्या पोर्टलमधून ते जास्तीत जास्त २४ महिन्यांचं मिळतं. तयार केलं त्याच दिवशी ते संपण्याची तारीख टीमच्या कॅलेंडरमध्ये जाऊ द्या, एकाच माणसाच्या नव्हे.

ग्रुप आणि रोल

सगळे ग्रुप पाठवायचा मोह टाळा. एन्ट्रा आयडी सॅमलमध्ये १५० आणि जेडब्ल्यूटीमध्ये (आयडी टोकन ज्या स्वरूपात येतं त्यात) २०० ग्रुपपर्यंतच यादी देतं. आकडा ओलांडला की यादीऐवजी फक्त एक दुवा येतो, ज्यावरून ॲपनं ग्रुप वेगळे मागवून घ्यायचे असतात. बहुतेक ॲप्स ते करत नाहीत. म्हणून नव्या माणसाचं लॉगिन सुरळीत होतं, आणि वर्षानुवर्षं ग्रुप जमवत आलेल्या जुन्या ॲडमिनला अचानक एकही अधिकार मिळत नाही. ॲपसाठी दोन-तीन रोल ठरवा आणि तेवढेच पाठवा, किंवा ॲपला नेमून दिलेल्या ग्रुपपुरतीच यादी मर्यादित करा. ग्रुप नावानं ओळखण्यापेक्षा आयडीनं ओळखा. नाव कुणीही नीटनेटकं करायला जातं आणि त्यासोबत अधिकार जातात.

ॲपनं काय तपासायचं

ॲप तुमचं असेल तर इथं लायब्ररीच वापरा, एक्सएमएलची सही तपासणारा कोड स्वतः लिहू नका. २०१२ मध्ये सॅमलच्या १४ अंमलबजावण्या तपासल्या गेल्या, तेव्हा ११ मध्ये सिग्नेचर रॅपिंगच्या भेगा सापडल्या. सही कागदपत्राच्या एका भागावर तपासली जाते आणि माणसाचं नाव वाचलं जातं दुसऱ्याच, घुसडलेल्या भागातून. २०१८ मध्ये आणखी एक प्रकार उघड झाला. नेमआयडीच्या मजकुरात एक्सएमएल टिप्पणी घातली की सही तशीच वैध राहते, पण काही पार्सर (एक्सएमएल वाचणारे प्रोग्रॅम) टिप्पणीच्या आधीचाच तुकडा नाव म्हणून वाचतात. लायब्ररी अद्ययावत ठेवणं हे इथं खऱ्या अर्थानं सुरक्षेचं काम आहे.

लायब्ररी असली तरी पुढच्या तपासण्या चालू आहेत ना ते सेटिंगमध्ये स्वतः पाहा: सही असर्शनवर आहे का, ऑडियन्स आपला आहे का, रिसिपियंट आपलाच एसीएस पत्ता आहे का, उत्तर आपण पाठवलेल्या विनंतीलाच आलं आहे का, आणि तेच असर्शन दुसऱ्यांदा आलं तर नाकारलं जातं का. जेडब्ल्यूटीमध्ये इश्युअर, ऑडियन्स, मुदत आणि नॉन्स (विनंतीसोबत पाठवलेली एकदाच वापरायची खूण) तपासा. सहीचा अल्गोरिदम टोकन सांगेल तो न घेता आपण ठरवलेलाच स्वीकारा. सही तपासायच्या किल्ल्या कॅश करा (जवळ साठवून ठेवा), पण अनोळखी किल्लीचा आयडी दिसला की यादी एकदा नव्यानं आणा. हे नसेल तर आयडीपीनं किल्ली बदलल्यावर कॅश रिकामी होईपर्यंत सगळे बाहेर राहतात.

लॉगिन कधी होतं, कधी होत नाही

पूर्ण बंद पडलेलं लॉगिन शोधायला सोपं असतं. अधूनमधून अडणारं माणसाला थकवतं. त्याचं कारण बहुधा या तिघांतलं एक असतं.

पहिलं घड्याळ. असर्शनवर 'या वेळेआधी नाही' आणि 'या वेळेनंतर नाही' अशा दोन वेळा असतात, आणि मधलं अंतर काही मिनिटांचंच असतं. ॲमेझॉनच्या क्लाऊडला सॅमलचं उत्तर जारी झाल्यापासून ५ मिनिटांत मिळावं लागतं. लोड बॅलन्सरमागच्या (विनंत्या सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेमागच्या) चार सर्व्हरपैकी एकाचं घड्याळ मागं पडलं असेल तर साधारण चारातलं एक लॉगिन 'असर्शन अजून वैध नाही' म्हणत अडतं, आणि पुन्हा प्रयत्न केला की चालतं. थांबवून पुन्हा सुरू केलेल्या व्हर्च्युअल मशीनवर हे बऱ्याचदा घडतं. प्रत्येक सर्व्हरवर एनटीपी (घड्याळ आपोआप जुळवणारी सेवा) चालू ठेवा आणि वेळ तपासताना २ ते ३ मिनिटांची सूट द्या. सूट वाढवत नेणं हा उपाय नव्हे, कारण चोरलेलं असर्शनही तितकाच वेळ चालतं. आणि लॉग वाचताना असर्शनमधली वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते हे विसरू नका.

दुसरं कुकी, म्हणजे ब्राउझरनं ॲपसाठी जपलेली छोटी नोंद. दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत ती पाठवायची की नाही हे तिच्यावरची सेमसाइट ही खूण ठरवते: नन म्हणजे पाठवा, लॅक्स म्हणजे बहुधा नको. फेब्रुवारी २०२० मधल्या क्रोम ८० पासून, सेमसाइट न लिहिलेली कुकी लॅक्स धरली जाऊ लागली. सॅमलचं उत्तर आयडीपीच्या पानावरून पोस्ट होऊन येतं, म्हणजे दुसऱ्या साइटवरून, आणि लॅक्स कुकी त्यासोबत जात नाही. ॲपला आपण विनंती पाठवली होती हेच आठवत नाही, ते माणसाला परत आयडीपीकडं पाठवतं, आणि फेऱ्या सुरू होतात. क्रोमनं यात एक सवलत ठेवली: सेमसाइट न लिहिलेली कुकी तयार होऊन २ मिनिटं झाली नसतील तर ती पोस्टसोबत जाते. म्हणून झटपट लॉगिन करणारा आत जातो आणि दुसऱ्या घटकाचा कोड शोधत बसलेला बाहेर राहतो. विनंतीची आठवण ठेवणाऱ्या त्या एका अल्पकाळच्या कुकीला सेमसाइट नन आणि सिक्युअर लावा. मुख्य सेशनच्या कुकीला लावायची गरज नाही.

तिसरं प्रॉक्सी. एचटीटीपीएसचं संरक्षण (टीएलएस) ॲपच्या पुढं उभ्या लोड बॅलन्सरवरच संपतं, ॲपला विनंती साध्या एचटीटीपीवर आल्यासारखी दिसते, आणि उत्तरातला डेस्टिनेशन पत्ता ॲपनं स्वतः बनवलेल्या पत्त्याशी जुळत नाही. मूळ प्रोटोकॉल सांगणारं फॉरवर्डेड हेडर बॅलन्सरनं पाठवावं आणि ॲपनं फक्त त्या बॅलन्सरकडूनच ते मानावं.

शोध घेताना ब्राउझरमधलं सॅमल-ट्रेसर हे एक्स्टेन्शन पुरतं. त्यात असर्शन उलगडून दिसतं. ते कुठल्या ऑनलाइन डिकोडरमध्ये चिकटवू नका, कारण मुदत संपली नसेल तर ते चालू प्रवेशपत्र असतं.

सर्टिफिकेट बदलण्याचा क्रम

सहीचं सर्टिफिकेट हे वेबसाइटच्या टीएलएस सर्टिफिकेटपेक्षा वेगळं असतं. ते स्वतःच सही केलेलं असलं तरी चालतं, कारण विश्वास मेटाडेटातून येतो. एन्ट्रामध्ये त्याची नेहमीची मुदत ३ वर्षं असते, म्हणजे ज्यानं लावलं तो बदलण्याच्या वेळी टीममध्ये असेलच असं नाही.

१. आयडीपीत नवं सर्टिफिकेट तयार करा, पण चालू करू नका.
२. ॲपमध्ये ते जुन्याच्या शेजारी जोडा.
३. आयडीपीत नवं चालू करा आणि खासगी विंडोमधून लॉगिन करून पाहा.
४. एक-दोन दिवस शांत गेले की ॲपमधून जुनं काढा.

ॲप एकच सर्टिफिकेट ठेवू देत असेल तर पायरी २ आणि ३ मिनिटाभराच्या अंतरानं कराव्या लागतात. त्या वेळी ॲपमध्ये ॲडमिनचं एक सेशन उघडं ठेवा. लॉगिन बंद पडल्यावर सर्टिफिकेट दुरुस्त करायला लॉगिनच लागतं, हे तेव्हाच लक्षात येऊ नये.

आयडीपी ज्या खासगी किल्लीनं सही करतो, म्हणजे या सर्टिफिकेटची जोडीदार किल्ली, ती चोरीला गेली तर हल्लेखोर कुणाच्याही नावानं निवेदन बनवू शकतो. २०१७ मध्ये या पद्धतीला गोल्डन सॅमल हे नाव मिळालं आणि २०२० च्या सोलरविंड्स हल्ल्यात ती वापरली गेली. अशा वेळी पासवर्ड बदलून किंवा दुसरा घटक लावून काही साधत नाही, कारण हल्लेखोर आयडीपीकडं जातच नाही. किल्लीच बदलावी लागते, आणि एडीएफएसमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या, स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या आयडीपीत) ती लागोपाठ दोनदा बदलायची असते. एडीएफएस स्वतः चालवत असाल तर किल्ली एचएसएममध्ये (किल्ली बाहेर न देणाऱ्या उपकरणात) ठेवा.

सक्ती करण्याआधी

पासवर्डचा जुना रस्ता बंद करण्यापूर्वी आणीबाणीची किमान दोन खाती तयार ठेवा. ती फेडरेशनवर, म्हणजे आयडीपीमार्फत होणाऱ्या लॉगिनवर, अवलंबून नसावीत, त्यांना हार्डवेअर किल्ली असावी, किल्ल्या दोन वेगळ्या जागी असाव्यात, आणि त्यांनी लॉगिन केलं की सगळ्या टीमला सूचना जावी. दर तीन महिन्यांनी ती वापरून पाहा. न तपासलेलं आणीबाणीचं खातं नसल्यासारखंच असतं.

चाचणीसाठी निदान चार माणसं घ्या: एक साधा वापरकर्ता, एक भरपूर ग्रुप असलेला, एक ज्याचा ईमेल कधीतरी बदलला आहे, आणि एक ज्याला प्रवेश मिळायलाच नको. चौथ्याची चाचणी सगळे विसरतात.

यंत्रांचं लॉगिन

फेडरेशन माणसांपुरतं नाही. गिटहब ॲक्शन्समधून (गिटहबवर कोडची कामं आपोआप चालवणाऱ्या सेवेतून) ॲमेझॉनच्या क्लाऊडमध्ये कोड चढवायला कायमची ॲक्सेस की साठवण्याऐवजी अल्पकाळचं ओपनआयडी कनेक्ट टोकन वापरता येतं, आणि ते वापरावंच. पण रोल कुणी घ्यायचा ते सांगणाऱ्या ट्रस्ट पॉलिसीत ऑडियन्ससोबत सब्जेक्टची अट हवी, आणि तिच्यात रिपॉझिटरी (कोडचं कोठार) आणि ब्रँच (त्यातली शाखा) नेमकी लिहिलेली हवी. इश्युअर सगळ्या गिटहबसाठी एकच आहे. सब्जेक्ट मोकळा सोडला तर अनोळखी माणसाच्या रिपॉझिटरीतलं कामही तुमचा रोल घेऊ शकतं.

माणूस जातो तेव्हा

सिंगल साइन-ऑन आत येण्याचं दार सांभाळतं, आत असलेल्याला बाहेर काढत नाही. आयडीपीत खातं बंद केल्यावरही ॲपमधलं चालू सेशन, ॲपनं स्वतः दिलेलं रिफ्रेश टोकन (पुन्हा लॉगिन न करता नवं टोकन मिळवून देणारं), एपीआय की आणि जुना स्थानिक पासवर्ड आपापल्या मुदतीपर्यंत चालतात. एन्ट्राचं ॲक्सेस टोकन साधारण ६० ते ९० मिनिटं जगतं. सॅमलनं घेतलेल्या ॲमेझॉनच्या रोलचं सेशन १२ तासांपर्यंत ठेवता येतं. सिंगल लॉगआउटवर, म्हणजे एका ठिकाणी बाहेर पडलं की सगळीकडून बाहेर काढण्याच्या सोयीवर, भिस्त ठेवू नका. साखळीतलं एक ॲप उत्तर देईना की ते अर्ध्यावर थांबतं. सेशन छोटी ठेवणं जास्त भरवशाचं.

पहिल्या लॉगिनला आपोआप खातं उघडणारी जेआयटी पद्धत खातं बनवते, मिटवत मात्र कधीच नाही. मिटवण्यासाठी स्किम २.० हे खात्यांमधले बदल ॲपला कळवणारं मानक लागतं. आयडीपी त्यातून ॲपला खातं निष्क्रिय करायला सांगतो. ते लावताना दोन गोष्टी पाहा: स्किम आणि लॉगिन दोन्हीकडं एकच कायमचा आयडी जातो ना, आणि निष्क्रिय केल्यावर ॲप चालू सेशन आणि एपीआय की रद्द करतं का. पहिली चुकली तर एका माणसाची दोन खाती होतात, आणि बंद होतं ते रिकामं.

हे कागदावर तपासून कळत नाही. चाचणीच्या वापरकर्त्यानं ब्राउझरमध्ये, मोबाइलवर आणि एपीआय कीनं अशा तिन्ही ठिकाणी लॉगिन करावं, मग त्याचं खातं आयडीपीत बंद करावं आणि घड्याळ लावावं. तिन्ही रस्ते बंद व्हायला किती मिनिटं लागली ते ॲपच्या नावासमोर लिहून ठेवा. जो रस्ता दुसऱ्या दिवशीही उघडा असेल, तो हातानं बंद करण्याची पायरी नोकरी सोडणाऱ्याच्या चेकलिस्टमध्ये घाला.